दंतरोपण : दिवाळीपासून आखाजीपर्यंत

खान्देशातील माणसाला दात गेल्याची जाणीव प्रथम ताटावर होते. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे हे जेवण दाढांच्या भरवशावर चालणारे आहे. एका बाजूची दाढ गेली की माणूस दुसऱ्या बाजूने चावू लागतो. दोन्ही बाजूंच्या गेल्या की भाकरी दुधात कुस्करून खातो. पुढे भाकरीच सुटते आणि मऊ भात, खिचडी व चहात बुडविलेली बिस्किटे यांवर दिवस निघू लागतात. घरातील मंडळी याला वय झाले असे म्हणून स्वस्थ बसतात. वास्तविक वयाचा त्यात दोष थोडा असतो. चावता येत नाही म्हणून आहार बदलतो, आणि मधुमेह असलेल्या वृद्धाच्या बाबतीत असा मऊ व गोडसर आहार प्रकृतीला चांगलाच भोवतो.

गेलेल्या दाताच्या जागी कृत्रिम दात बसविण्याचे दोन मार्ग पूर्वीपासून परिचित आहेत. काढघाल करता येणारी कवळी हा एक, आणि शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने बसविलेला ब्रिज हा दुसरा. गेल्या काही दशकांत तिसरा मार्ग रूढ झाला. जबड्याच्या हाडातच धातूचे कृत्रिम मूळ रोवून त्यावर दात बसविण्याच्या या पद्धतीस दंतरोपण म्हणतात. दवाखान्यांच्या पाट्यांवर व लोकांच्या तोंडी मात्र ‘इम्प्लांट’ हाच शब्द आहे. एके काळी यासाठी मुंबई-पुणे गाठावे लागे. आज जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांतून ही शस्त्रक्रिया होते, आणि धुळे येथे दंत महाविद्यालयही आहे. सोय जवळ आली, परंतु तिच्याविषयीची माहिती तितकीशी पोहोचलेली नाही. काहींना ती भयंकर शस्त्रक्रिया वाटते, तर काहींना चष्मा करून घेण्याइतकी सोपी वाटते. दोन्ही समजुती रुग्णाला अडचणीत आणणाऱ्या आहेत.

विषय समजण्यासाठी आपण दोन माणसे कल्पू या. शिंदखेडा तालुक्यातील साठीचे एक कापूस उत्पादक शेतकरी. त्यांना अप्पा म्हणू. तीन वर्षांपूर्वी त्यांची खालची उजवी दाढ किडून काढावी लागली. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या भगिनी, अमळनेरला राहणाऱ्या आक्का. त्यांचे खालचे सर्व दात गेले असून कवळी मुखात ठरत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

सशाच्या हाडातील शोध

शरीर बाहेरची वस्तू सहसा स्वीकारत नाही. पायात काटा मोडला तर तो पू होऊन बाहेर पडतो, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. मग जबड्यात रोवलेला स्क्रू शरीर कसा काय ठेवून घेते?

याचे उत्तर स्वीडनमध्ये काहीसे अपघातानेच हाती लागले. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियम धातूची एक बारीक नळीवजा कुपी बसविली होती. प्रयोग संपल्यावर ती महाग कुपी काढून पुन्हा वापरावी असा विचार होता. पण ती निघेना. हाड धातूला इतके घट्ट चिकटले होते की जणू दोन्ही एकजीव झाली होती. हाड आणि टायटॅनियम यांच्या या सांध्यावरच संपूर्ण दंतरोपणशास्त्र उभे आहे. १९६५ साली गोथेनबर्ग येथे गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी अशी कृत्रिम मुळे प्रथम बसविली. लार्सन २००६ साली वारले, तोपर्यंत चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या मुळांनी त्यांना साथ दिली. दंतवैद्यकाच्या जगाने मात्र ही पद्धत लगेच मानली नाही. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर तिला सर्वत्र मान्यता मिळू लागली. टायटॅनियम हा काही दुर्मिळ धातू नव्हे. ज्या इल्मेनाइट खनिजापासून तो मिळवितात, त्याची काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते.

या इतिहासातून रुग्णाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. डॉक्टर स्क्रू बसवितो. तो धरून ठेवण्याचे काम रुग्णाचे हाड करते, आणि त्याला त्याचा स्वतःचा वेळ लागतो.

पहिली भेट

दिवाळीनंतर कापसाचे पैसे हाती आले की दाढ बसवून घ्यावी, असे अप्पांनी ठरविले आहे. पहिल्याच भेटीत दात बसेल अशी त्यांची अपेक्षा असेल तर ती सोडून द्यावी. पहिली भेट ही तपासणीची, आणि माझ्या मते साऱ्या उपचारात हीच सर्वांत मोलाची. ज्या दवाखान्यात ती दहा मिनिटांत आटोपते, तेथे दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी विचार करावा.

प्रथम हाड पाहिले जाते. दात असतो तोवर चावण्याच्या दाबामुळे त्याभोवतीचे हाड टिकून राहते. दात निघाला की हाडाला काम उरत नाही व ते झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातील मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच जातो. अप्पांची दाढ जाऊन तीन वर्षे लोटली आहेत. या काळात शेजारचा दात मोकळ्या जागेत कलला असेल, वरची दाढ खाली उतरली असेल. दाढ काढली त्याच वेळी पुढचा विचार झाला असता तर काम सोपे झाले असते. दात काढून घेणाऱ्या प्रत्येकाने ‘या जागेचे पुढे काय करावे?’ हा प्रश्न त्याच खुर्चीत विचारावा.

हाडाची उंची व रुंदी कळण्यासाठी क्ष-किरण छायाचित्र घेतात. शक्य तर सीबीसीटी हे त्रिमितीय चित्र घेणे चांगले. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना पुरविणारी एक नस जाते. तिला धक्का लागल्यास ओठ व हनुवटी बधिर होते, आणि हा बधिरपणा प्रसंगी कायमचा राहू शकतो. वरच्या दाढांवर तर गालाच्या हाडातील हवेची पोकळी असते. हाड कमी असेल तर स्क्रू तिच्यात शिरण्याचा धोका असतो. स्क्रूची लांबी साधारणतः ८ ते १३ मिलिमीटर आणि जाडी ३.५ ते ५ मिलिमीटर असते. एवढ्याशा जागेचा हिशेब असल्याने एक-दोन मिलिमीटरलाही महत्त्व येते. हाड अपुरे भरल्यास तेथे हाडाची भर घालावी लागते. त्याने खर्च वाढतो आणि मुदत काही महिन्यांनी पुढे जाते.

त्यानंतर प्रकृतीची चौकशी. मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करतात. ती सर्वसाधारणपणे ७ ते ८ टक्क्यांच्या आत असावी, असा दंतवैद्यांचा आग्रह असतो. साखर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही व हाड धातूला धरत नाही. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होणारच नाही, असे मात्र नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे वा इंजेक्शने, डोक्या-मानेला पूर्वी दिलेले किरणोपचार या गोष्टी डॉक्टरांनी न विचारताही सांगाव्यात. ठिसूळ हाडांवरील काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येत नाही, असे आढळले आहे. हृदयरोगाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करण्याचा उद्योग कोणीही करू नये. वयाला वरची मर्यादा नाही. सत्तरी-पंचाहत्तरीतही हाड धरते. खालची मर्यादा मात्र आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः अठरा वर्षांच्या आत, हा उपचार करीत नाहीत.

तंबाखूचा प्रश्न

आता थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे २४ टक्के लोक धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण चुना-तंबाखू मळणे, सुपारी चघळणे आणि दातांना मिश्री लावणे हे सारे चालूच आहे. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. दात साफ होतात या समजुतीने असंख्य स्त्रिया ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासतात, आणि तिला व्यसन म्हणावयास कोणी तयार नसते. आक्काही त्यांपैकीच. दंतवैद्याने ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतील! म्हणून ‘मिश्री लावता का?’ असे स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजे, आणि ते रुग्णाने सांगितलेही पाहिजे.

धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. चघळण्याची तंबाखू व मिश्री हिरडीला सतत जाळीत राहतात, आणि हिरडी खराब झाली की तिच्याखालचे हाड सुरक्षित राहत नाही. सुपारी व गुटख्याने आणखी एक अनर्थ होतो. गालाची आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्यास आवर्जून दाखवावे. अशा तोंडात दाढेपर्यंत शस्त्रक्रियेचे हत्यारच पोहोचत नाही; शिवाय कर्करोगाची शक्यता असणारी ही अवस्था आहे. इम्प्लांटसाठी गेलेल्या रुग्णाच्या गालावरील पांढरा चट्टा वेळीच दिसला, तर त्या भेटीचे मोल दातापेक्षा कितीतरी अधिक होय.

शस्त्रक्रियेचा दिवस

अप्पांची तपासणी समाधानकारक ठरली असे धरून चालू. मार्गशीर्षात त्यांना दिवस दिला गेला. उपाशीपोटी जाण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पोटभर न्याहारी करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन, सोबत घरचे एखादे माणूस घेऊन जावे. दाढ काढताना देतात तशीच जागेपुरती भूल दिली जाते. रुग्ण जागा असतो. यंत्राची घरघर व दाब जाणवतो, दुखत नाही. दुखल्यास हात वर करावा, म्हणजे भूल वाढविता येते. एका दाताचे काम साधारणतः अर्ध्या ते एका तासात आटोपते व रुग्ण त्याच दिवशी एस.टी.ने घरी परतू शकतो.

हाडात भोक पाडताना त्यावर सारखे खारे पाणी सोडले जाते. तोंडात पाणी साठते, म्हणून रुग्ण कधीकधी त्रासतो; पण ते पाणी अत्यावश्यक असते. गोथेनबर्गच्या संशोधकांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्याला इजा होते. भुसावळकरांना हा आकडा मे महिन्याची आठवण करून देईल. तापलेले, करपलेले हाड धातूला धरीत नाही. यास्तव कुशल शल्यविशारद घाई करीत नाही. लहान मापाच्या ड्रिलपासून क्रमाने मोठ्याकडे जात, थांबत थांबत तो जागा तयार करतो. शेवटी स्क्रू हळूहळू पिळून बसविला जातो. त्यावर हिरडी शिवून तो झाकून ठेवतात, किंवा हिरडीबाहेर दिसेल असे लहान टोपण लावतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत.

घरी आल्यावर पहिला दिवस गालावरून थोडा थोडा वेळ बर्फ फिरवावा. थुंकीत लालसर छटा येणे स्वाभाविक आहे. वारंवार थुंकू नये व जोराने चुळा भरू नयेत, कारण त्याने जखमेवरील रक्ताची गाठ निघून जाते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, नंतर ओसरते. नातेवाईक नेमके तिसऱ्या दिवशी पाहावयास येतात आणि ‘बिघडले’ म्हणून घाबरवितात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. पहिल्या आठवड्यात गार केलेला वरणभात, मऊ खिचडी, दुधात चांगली भिजलेली भाकरी आणि जळगावचे केळे एवढ्यावर भागवावे. हिवाळ्यात शेताशेतांतून भरिताच्या पार्ट्या झडत असतात. वांगे मऊ असले तरी मिरचीचे ते भरीत आणि शेवभाजीचा रस्सा आठ-दहा दिवस दूरच ठेवावा. टाके सात ते दहा दिवसांत काढतात.

चौथ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, ताप आला, रक्त थांबेना किंवा भूल उतरून गेल्यावरही दुसऱ्या दिवशी ओठ बधिर वाटला, तर आठवडाभरानंतरच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. विशेषतः ओठाच्या बधिरतेबाबत पहिले दिवस मोलाचे असतात.

थांबण्याचे महिने

यानंतर जो काळ येतो त्याची रुग्णाला फारशी कल्पना दिलेली नसते. जखम भरली, दुखणे थांबले, तरी दात मिळत नाही. पेरणी झाली, पण रान मोकळेच दिसते, तसा हा काळ. आत मात्र हाडाच्या पेशी धातूच्या खडबडीत पृष्ठभागावर येऊन नवे हाड घडवीत असतात. पहिल्या काही आठवड्यांत उलट पकड थोडी सैल होते, कारण जुने हाड विरघळून नवे तयार व्हावयाचे असते. बसविलेल्या दिवशी घट्ट वाटणारा स्क्रू याच काळात सर्वांत नाजूक असतो. या दिवसांत त्या बाजूने सुपारी फोडणे, ऊस सोलणे वा हरभरे चावणे म्हणजे नुकत्याच लावलेल्या रोपाला रोज हलवून पाहण्यासारखे आहे.

खालच्या जबड्याचे हाड टणक असल्याने तेथे सुमारे तीन महिने पुरतात. वरचे हाड भुसभुशीत असते, तेथे चार ते सहा महिने लागू शकतात. नव्या प्रकारच्या पृष्ठभागांमुळे ही मुदत काही रुग्णांत आणखी कमी झाली आहे. अप्पांची दाढ खालची. मार्गशीर्षात स्क्रू बसला तर होळीच्या सुमारास हाड तयार होते, आणि सारे सुरळीत झाल्यास आखाजीला, लेकीबाळी माहेरी आल्या असताना, अप्पा सर्वांच्या पंगतीत दोन्ही बाजूंनी जेवू शकतील. हाडाची भर घालावी लागली असती तर पुढच्या दिवाळीचा वायदा करावा लागला असता.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिरातीही आता दिसू लागल्या आहेत. निवडक रुग्णांत, हाड चांगले असताना व स्क्रू पुरेसा घट्ट बसला असताना, तात्पुरता दात लगेच लावता येतो, हे खरे आहे. पण ही निवड तपासणीनंतर करावयाची असते. जाहिरातीत प्रत्येकाला तसे वचन देता येत नाही. शेतीच्या कामांची घाई, लग्नसराई किंवा परगावच्या मुलाची रजा या कारणांनी हाडाची मुदत कमी होत नाही.

दात बसल्यावर

मुदत संपल्यावर स्क्रूवर जोडतुकडा बसवून माप घेतले जाते. प्रयोगशाळेतून दात तयार होऊन येण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तो बसविल्यावर रंगीत कागद चावावयास देऊन दाब कोठे जास्त पडतो हे पाहतात. दात उंच वाटत असेल तर संकोच न करता सांगावे. ‘सवय होईल’ म्हणून उंच दात घेऊन घरी जाऊ नये.

आपल्या नैसर्गिक दाताभोवती तंतूंचे एक अतिशय पातळ आवरण असते. भाकरीत बारीक खडा आला तर तो दाताखाली येताक्षणी कळतो, तो या तंतूंमुळे. इम्प्लांटला हे आवरण नाही. तो थेट हाडात बसलेला असतो. त्यामुळे खडा उशिरा कळतो आणि नकळत जास्त जोर दिला जातो. नवा दात आला म्हणून त्याने सुपारी फोडून दाखविण्याचा उत्साह टाळावा. हे आवरण नसल्यामुळे आणखीही एक गोष्ट घडते. इम्प्लांटला कीड लागत नाही, परंतु त्याभोवतीची हिरडी सुजून आतले हाड झिजू लागले तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण येत नाही. येतो तेव्हा स्क्रू हलत असतो. ब्रश करताना रक्त येणे, हिरडी लाल दिसणे, दाबल्यास पू येणे या खुणा ओळखाव्यात. कडुनिंबाची काडी अशा जागी पोहोचत नाही. दोन दातांमधील फटीसाठी मिळणारा लहान ब्रश रोज रात्री वापरावा व वर्षातून किमान एकदा तपासून घ्यावे. एवढे पथ्य पाळले तर एकेका दाताच्या इम्प्लांटपैकी दहा वर्षांनंतर शंभरांतील सुमारे ९५ जागेवर असतात, असे मोठ्या अभ्यासांतून दिसते. उरलेल्या पाचांत आपण असू शकतो, याची मनाशी तयारी असावी. इम्प्लांट सुटला तर तो काढून, हाड भरू देऊन बहुधा पुन्हा प्रयत्न करता येतो.

आक्कांसाठी काय?

आक्कांचे खालचे सर्व दात गेले आहेत. प्रत्येक दातासाठी एक स्क्रू बसवावा लागतो अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि त्या हिशेबाने खर्चाचा आकडा ऐकून माणूस विषयच सोडून देतो. वस्तुतः तशी गरज नसते. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला मात्र जिभेच्या हालचालींमुळे ठाव मिळत नाही. यावर २००२ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एक सोपी शिफारस केली. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूस केवळ दोन इम्प्लांट बसवावेत, आणि कवळीला आतून बटणासारखी सोय करून ती त्यांवर दाबून बसवावी. अशी कवळी रात्री काढून धुता येते व दिवसा जेवताना उठत नाही. आक्कांनी मिश्री सोडली तर त्यांना हा मार्ग सुचविण्यास हरकत नसावी. ती सुटत नसेल, साखर ताब्यात नसेल किंवा पैशाची ओढाताण असेल, तर नीट मापाची नवी कवळी करून घेण्यात कमीपणा काहीच नाही. पुष्कळदा जुनी कवळी बसत नाही ती दहा-पंधरा वर्षांत हाड झिजल्यामुळे. नव्या मापाने निम्मी तक्रार दूर होते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साहित्यात चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांच्याबरोबर कवळीचाही समावेश करण्यात आला. इम्प्लांटचा त्यात समावेश नव्हता.

खर्च आणि कागद

एका इम्प्लांटचा खर्च बहुतेक ठिकाणी पाच आकडी असतो. शहर, स्क्रूची कंपनी आणि वरच्या दाताचा प्रकार यांनुसार तो बराच बदलतो. फसगत बहुधा अपुऱ्या हिशेबातून होते. पाटीवरचा आकडा कित्येकदा केवळ स्क्रूचा असतो. जोडतुकडा, वरचा दात, सीबीसीटी, हाडाची भर, औषधे यांचा हिशेब नंतर पुढे येतो. म्हणून या सर्व बाबींचा लेखी अंदाज आधी मागावा. इम्प्लांट निकामी झाल्यास दुसऱ्या वेळी किती आकारणार, हेही त्यातच लिहून घ्यावे. धुळ्यातील एसीपीएमसारख्या दंत महाविद्यालयांतून पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे फेऱ्या जास्त होतात व वेळ लागतो, पण अशा ठिकाणी खर्च सहसा कमी येतो. उतावळेपणा नसलेल्या रुग्णाने तेथे चौकशी करावी. इम्प्लांटचा निर्णय होत नसला तरी दुखरा दात, सैल हिरडी यांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील दंतविभागात जाण्यास विलंब करू नये.

आठवडे बाजारात वा यात्रेत बसून तासाभरात ‘पक्का दात’ लावून देणारे लोक अद्याप भेटतात. ते शेजारच्या दातांना तारेने वा रसायनाने दात चिकटवितात. त्याखाली अन्न कुजून चांगले दातही जातात. नोंदणीशिवाय दंतवैद्यकाचा व्यवसाय करण्यास १९४८ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. आपले दंतवैद्य महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेले आहेत किंवा नाहीत, हे विचारण्यात त्यांचा अवमान होत नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो.

शस्त्रक्रियेनंतर एक छोटे कार्ड मागून घ्यावे. त्यावर स्क्रूची कंपनी, लांबी-जाडी, उत्पादन क्रमांक व बसविल्याची तारीख लिहिलेली असते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला तिचीच किल्ली लागते. उद्या अप्पा मुलाकडे पुण्याला गेले असताना वरचा दात सैल झाला, तर तेथील दंतवैद्याला हे कार्ड पाहून योग्य किल्ली मागविता येईल. कार्ड नसेल तर चाचपडत बसावे लागते, आणि काही वेळा चांगला दात कापून काढावा लागतो. सातबारा व पासबुक ज्या पिशवीत असते, त्याच पिशवीत ते ठेवावे, आणि त्याचे एक छायाचित्र घरातील तरुण मुलांच्या मोबाईलमध्येही असू द्यावे.